पेटवर्थ हाउस: टर्नरच्या आधी धूळ

म्युझियम स्टडीज शिकायला इंग्लंडमध्ये आल्यावर पहिला महिना सगळेच लंडनच्या गॅलऱ्यांमागे धावतात. मीही धावले. कामाचं शिक्षण मात्र मिळालं वेस्ट ससेक्समधल्या पेटवर्थ हाउसमध्ये, स्वयंसेवक म्हणून. पुलबरोपर्यंत ट्रेन, पुढे बस. १९४७ पासून हा वाडा नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुनी घरं जपणाऱ्या संस्थेकडे आहे. वाडा म्हणायचं आपलं. भोवती ७०० एकरांचं पार्क आणि त्यात हरणांचे कळप.

इथे इंग्लिश चित्रकार टर्नरची २० तैलचित्रं आहेत, म्हणून मी त्याची अख्खी कारकीर्द घोकून गेले. पहिल्या दिवशी लोकांनी विचारलं काय, तर ‘इतका अंधार का?’ आणि ‘टॉयलेट कुठे?’. तेव्हा तारखा पाठ करण्याआधी प्रकाश समजून घ्या. उजेडाने उडालेला रंग परत येत नाही. तैलचित्राला साधारण २०० लक्स (उजेड मोजायचं एकक) चालतात, जलरंग आणि कापडाला ५०. मीटर बघून खिडकीचा पडदा किती खाली घ्यायचा ते ठरतं. ढग सरकला की पुन्हा उठा.

कार्व्ह्ड रूममध्ये ग्रिनलिंग गिबन्स या लाकूड कोरणाऱ्या कारागिराचं काम आहे, लाइमवुडमधलं. एका मराठी कुटुंबाला मी बिनधास्त ‘लिंबाचं लाकूड’ म्हणून सांगितलं. ते लिंडेन नावाच्या झाडाचं असतं, लिंबाशी काही संबंध नाही, हे संध्याकाळी कळलं. त्याच खोलीत टर्नरची चार लांबट चित्रं फारच खाली लावलेली दिसतील. गुडघ्यात वाकून बघा. जेवायला बसलेल्यांच्या नजरेला यावीत म्हणून ती तशी आहेत. दोन चित्रांत पार्कमधलं तळं, आणि मान वळवली की खिडकीबाहेर तेच पार्क! उरलेल्या दोहोंत चिचेस्टरचा कालवा आणि ब्रायटनचा चेन पिअर, म्हणजे समुद्रात गेलेला साखळ्यांवरचा धक्का. दोन्हींत घरमालकाचे, म्हणजे तिसऱ्या अर्ल ऑफ एग्रेमॉन्टचे, पैसे गुंतलेले. एकाच घरात चित्र, खिडकी, जेवणाचं टेबल आणि मालकाची गुंतवणूक असं सगळं जुळलेलं सापडतं. म्हणून माझ्या मते सुरुवात गॅलरीपेक्षा अशा घरात करावी.

स्टुडंट व्हिसावर असाल तर आधी विद्यापीठाच्या व्हिसा ऑफिसात विचारा. बिनपगारी कामाचेही दोन प्रकार धरतात, आणि त्यातला एक आठवड्याच्या तासांत मोजला जातो. नोकरीच्या मुलाखतीत चित्रकारांपेक्षा आर्द्रता, कसर आणि लाकूड पोखरणाऱ्या किड्यांबद्दल जास्त विचारलं गेलं, तेही सांगून ठेवते.

खरी शाळा हाउसकीपिंगची, म्हणजे घरातल्या जुन्या वस्तूंची निगा राखण्याची. अंगठी, घड्याळ काढायचं. पेन बंद, फक्त पेन्सिल. खुर्ची हातांना धरून उचलायची नाही, बैठकीखालच्या चौकटीला धरायची. जुन्या घरात हीटिंग माणसांसाठी नसतं, हवेतला दमटपणा कमी करण्यासाठी असतं. थर्मल घालून जा.

मुलामा दिलेल्या चौकटीची धूळ काढताना एका हातात मऊ केसांचा ब्रश, दुसऱ्या हातात व्हॅक्यूमची नळी. ब्रशने धूळ नळीकडे ढकलायची, नळी चौकटीला टेकवायची नाही. नळीच्या तोंडाला जाळी बांधलेली असते. एकदा त्या जाळीत नखाएवढा सोनेरी पोपडा अडकला आणि माझे हातपाय गळाले. शिकवणाऱ्या बाईंनी चिमट्याने तो उचलला, छोट्या पिशवीत घातला आणि माझ्याकडे पेन्सिल सरकवली. चौकटीचा नंबर, डावा खालचा कोपरा, तारीख.