माझी माहिती कोणाला दिलीत, हे कंपनीला लेखी कसे विचारावे

गेल्या वर्षी कोथरूडमधील एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आम्ही वडिलांच्या रक्तातील साखर तपासून घेतली. अहवाल मिळाल्यानंतर चौथ्या दिवशी मधुमेहावरचे चूर्ण विकणाऱ्या एका बाईंचा फोन आला. लॅबच्या पावतीवर काउंटरवरील मुलाने घाईत आडनाव गाळून वडिलांचे आणि आजोबांचे नाव एवढेच टाइप केले होते. त्या जोडनावाने वडिलांना पुण्यात कोणीही ओळखत नाही, पण फोनवरच्या बाईंनी नेमके तेच नाव घेतले. माहिती कुठून बाहेर पडली, याचा इतका सरळ माग सहसा लागत नाही, आणि आम्हाला तो केवळ टायपिंगच्या एका चुकीमुळे लागला.

अशा वेळी बहुतेकजण ऑनलाइन जाऊन एक तारा देतात, चार संतप्त ओळी लिहितात आणि तेथेच थांबतात. त्या ओळींना उत्तर देण्याचे बंधन कंपनीवर नसते. योग्य व्यक्तीच्या नावे पाठवलेल्या, तारीख घातलेल्या लेखी प्रश्नाची दखल घेण्याचे बंधन मात्र कायदा घालतो, म्हणून आधी पत्र लिहावे.

पत्र लिहिण्यापूर्वी पुरावा गोळा करावा. फोन आल्याची तारीख, वेळ, क्रमांक आणि समोरची व्यक्ती काय बोलली, हे त्याच दिवशी वहीत उतरवावे. कॉल नोंदीचा स्क्रीनशॉट आणि मूळ पावती जपून ठेवावी. पुढच्या वेळी नशिबावर अवलंबून राहायचे नसेल, तर खूण स्वतःच पेरावी. जीमेलच्या पत्त्यात आपल्या नावानंतर, @ च्या आधी, अधिकाचे (+) चिन्ह आणि दुकानाचे नाव जोडून पत्ता दिला, तर पत्रे आपल्याच पेटीत येतात, आणि त्या पत्त्यावर भलत्याच कोणाची जाहिरात आली की पत्ता कोठून गेला हे तत्काळ कळते. त्याचबरोबर स्वतःचा फोनही तपासावा. फुकट चित्रपट पाहण्यासाठी कोणी पाठवलेली एपीके फाइल (अँड्रॉइड फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) फोनमध्ये असेल आणि तिला संपर्कयादी व संदेश वाचण्याची परवानगी दिलेली असेल, तर माहिती तेथूनही गेलेली असू शकते, आणि कंपनीवर बोट ठेवण्याचा आपला आधारच जातो. चोरीच्या चित्रपटाची ही किंमत फार थोड्यांच्या लक्षात येते.

यानंतर तक्रार निवारण अधिकारी शोधावा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३अ खाली २०११ मध्ये जे नियम आले, त्यांनुसार पासवर्ड, आर्थिक तपशील, आरोग्यविषयक माहिती, वैद्यकीय नोंदी, बायोमेट्रिक इत्यादी ‘संवेदनशील वैयक्तिक माहिती’ ठरते, आणि ती संगणकावर हाताळणाऱ्या व्यावसायिक संस्थेने अशा अधिकाऱ्याचे नाव व संपर्क वेबसाइटवर देणे आवश्यक असते. हे नाव बहुधा ‘प्रायव्हसी पॉलिसी’च्या अगदी तळाशी सापडते. तक्रार मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत ती सोडवणे अधिकाऱ्याला बंधनकारक आहे. ऑनलाइन खरेदीच्या मंचांसाठी २०२० चे स्वतंत्र नियम असून त्यांत ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण, अशी मुदत आहे.

पत्र एका पानाचे असावे आणि ज्याची माहिती गेली त्याच्याच सहीने जावे. मी पहिले पत्र माझ्या नावाने पाठवले, तेव्हा ‘रुग्ण स्वतः तक्रारदार नाही’ एवढेच उत्तर आले आणि एक आठवडा वाया गेला. दुसऱ्या पत्रात वडिलांच्या सहीखाली मजकूर असा होता: ‘अमुक तारखेच्या पावतीनुसार मी आपल्याकडे तपासणी केली. माझे नाव, मोबाइल क्रमांक आणि तपासणीची माहिती आपण कोणकोणत्या संस्थांना व कोणत्या तारखेस दिली, ते कळवावे. त्यासाठी मी दिलेल्या संमतीची प्रत पाठवावी. यापुढील वापरासाठीची संमती मी या पत्राद्वारे मागे घेत आहे.’ यातली संमतीची प्रत सर्वांत महत्त्वाची. संवेदनशील माहिती तिसऱ्या पक्षाला देण्यासाठी पूर्वपरवानगी लागते, आणि ती अर्जावरच्या बारीक अक्षरांत किंवा करारात घेतली असल्याचा बचाव कंपनी करू शकते. तो कागद समोर आल्याशिवाय पुढचा मुद्दा मांडता येत नाही. पत्र ईमेलने पाठवावेच, पण स्पीड पोस्टनेही धाडावे. डेक्कन जिमखाना टपाल कार्यालयातून मिळालेली पावती मी पत्राच्या प्रतीलाच टाचून ठेवली होती.

महिना उलटला आणि उत्तर आले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवावी. विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला देणे, ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते, वकील नेमण्याची सक्ती नाही, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही. ज्या शहरात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, त्या पुण्यात ग्राहकाने हा मार्ग आधीच अवघड मानून सोडून द्यावा, हे मला पटत नाही. जाहिरातींचे फोन थांबवण्यासाठी मात्र १९०९ हा वेगळा क्रमांक आहे.

लक्ष्मी रस्त्यावर कापड घेताना बिलासाठी मोबाइल क्रमांक मागितला, तर नम्रपणे नकार द्यावा. क्रमांकाची सक्ती करू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये विक्रेत्यांना कळवलेले आहे.

जाहीर लिहायचे असेल तर ते पत्रव्यवहारानंतर, आणि कागदाने सिद्ध होईल तेवढेच लिहावे. ‘ही लॅब माहिती विकते’ असे लिहिणे आणि ‘अमुक तारखेला तपासणी झाली, चौथ्या दिवशी पावतीवरील चुकीच्याच नावाने फोन आला, पत्राला उत्तर नाही’ असे लिहिणे यांत मोठा फरक आहे. पहिले वाक्य भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीचा वाद ओढवून आणू शकते. दुसरे वाचून वाचक स्वतःच निष्कर्ष काढतो. अहवालाचे छायाचित्र टाकू नये, कारण जी माहिती जपण्यासाठी आपण भांडतो आहोत ती त्यामुळे आपल्याच हातून चव्हाट्यावर येते.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून नागरिकांचे मुख्य हक्क त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायचे आहेत. माहिती कोणाकोणाला दिली, हे विचारण्याचा स्पष्ट हक्क त्यात आहे, आणि सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण तो दंड सरकारी तिजोरीत जाईल, आणि पीडिताला भरपाई मिळवून देणारे कलम ४३अ त्याच कायद्याने वगळले जाणार आहे. हा बदल मला अन्यायकारक वाटतो, आणि म्हणूनच भरपाईच्या दृष्टीने ग्राहक आयोगाचे महत्त्व वाढणार आहे, असे माझे मत आहे.

आमच्या दुसऱ्या पत्राला सव्विसाव्या दिवशी उत्तर आले. लॅबने वडिलांचा क्रमांक यादीतून काढल्याचे कळवले आणि ज्या जाहिरात संस्थेला तो दिला होता तिचे नाव लिहिले. संमतीची प्रत मात्र जोडली नव्हती. त्याच संध्याकाळी वडिलांनी आणखी दोन पत्रांवर सह्या केल्या, एक त्या जाहिरात संस्थेच्या नावे आणि दुसरे, संमतीची प्रत पुन्हा मागणारे, लॅबच्या नावे.