फोन ऐकत नाही हो वैनी, नंबर तुम्हीच दिलाय

मागच्या महिन्यात आमच्या वैनी कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, साज (गळ्यातला दागिना) बघून आल्या. घेतला काय नाही, नुसतं वजन आणि मजुरी विचारून आल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा उकळतोय तोवर फेसबुक उघडलं तर तिसरीच पोस्ट साजाची, ती पण त्याच दुकानाची. "भावजी, हा फोन ऐकतोय बघा, मी गुगलला सुद्धा काय विचारलो नाही." (आमच्यात बायका असंच बोलतात, बाहेरच्यांनी हसू नये.)

आता ऐकण्याचं म्हणाल तर २०१८ ला अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीच्या लोकांनी १७ हजाराच्या वर अँड्रॉइड ॲप तपासली, गुपचूप माइक चालू करून आवाज पाठवणारं एक पण घावलं नाही, उलट काही ॲप स्क्रीनचं रेकॉर्डिंग बाहेर पाठवताना घावली. म्हणून पहिलं काम हे करा, जाहिरातीच्या कोपऱ्यात तीन टिंबं असतात ती दाबा आणि 'व्हाय ॲम आय सीइंग धिस ॲड' उघडा. वैनींच्या फोनवर तिथं सरळ लिहिलेलं, की जाहिरातदारानं एक यादी अपलोड केलीय आणि त्यात तुम्ही आहात. मग आठवलं! दुकानात लकी ड्रॉचं कूपन भरलेलं, नाव, मोबाईल, वाढदिवस, सगळं स्वतःच्या हातानं.

दुकानदार अशी यादी चढवतो, फेसबुक ते नंबर आपल्याकडच्या खात्यांशी जुळवतं आणि जुळले त्यांना जाहिरात दाखवतं. मित्राच्या चपलांच्या दुकानासाठी मी स्वतः ॲड चालवलीय, म्हणून सांगतो, आपल्याला कुणाचं नाव दिसत नाही, नकाशावर महाद्वार रोडला पिन टाकायची, भोवती किती किलोमीटर ते सांगायचं, वय, आवड, झालं. पण यादी मात्र आपणच द्यायची असते, आणि ती काउंटरवरच्या वहीतनंच येते.

तर सेटिंग. फेसबुक नाहीतर इन्स्टा, कुठल्यातनं पण 'अकाउंट्स सेंटर' मध्ये जा (अपडेट आलं की नावं इकडची तिकडं होतात, शोधायला लागतं थोडं), तिथं 'ॲड प्रेफरन्सेस'. त्यात 'ऑडियन्स बेस्ड ॲडव्हर्टायझिंग' म्हणून एक जागा आहे, तुमचा नंबर असलेली यादी कुणाकुणी चढवलीय ते तिथं दिसतं. वैनींची उघडली तर साड्यावाले, फ्लॅटवाले, आणि एक क्लास ज्याचं नाव घरात कुणालाच माहीत नाही. एकेकाला आत जाऊन बंद करायचं, वेळखाऊ आहे, पण करा. जवळच 'ॲक्टिव्हिटी इन्फर्मेशन फ्रॉम ॲड पार्टनर्स' आहे, तिथं नाही म्हणा.

खरं मोठं काम पुढचं आहे आणि ते लोक सोडूनच देतात. 'युवर इन्फर्मेशन अँड परमिशन्स' मध्ये 'युवर ॲक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज' उघडा (मेटा म्हणजे फेसबुक-इन्स्टाची कंपनी, आणि हे तिच्या बाहेर तुम्ही काय करता त्याचं). तुम्ही कुठल्या शॉपिंग साइटवर काय बघितलं, कुठलं ॲप उघडलं, हे त्या साइट-ॲपवाल्यांनीच मेटाला पाठवलेलं असतं, साइटच्या पानात पिक्सेल नावाचा बारका कोड बसवलेला असतो त्यातनं, ॲपमध्ये तसलाच दुसरा. आधी मागचं क्लिअर करा, मग 'डिसकनेक्ट फ्युचर ॲक्टिव्हिटी' करा. एक लक्षात ठेवा, फेसबुकनं लॉगिन केलेल्या दुसऱ्या ॲपमधनं यात बाहेर पडायला होऊ शकतंय. वैनी एका भाजीच्या ॲपमधनं बाहेर पडल्या, तिथं आपलं खातं परत उघडण्यात अर्धा तास गेला, शिव्या मला.

तिथंच 'ॲप्स अँड वेबसाइट्स' पण बघा आणि 'मागच्या जन्मी तुम्ही कोण होता' छापाच्या जुन्या क्विझ काढून टाका. केंब्रिज ॲनालिटिका (फेसबुकवरच्या लोकांची माहिती निवडणूक प्रचारासाठी उचललेली कंपनी), तिच्या भानगडीत भारतातल्या फक्त ३३५ लोकांनी तसलं ॲप घेतलेलं, आणि त्यांच्या मित्रयाद्यांमुळं ५ लाख ६२ हजार लोकांची माहिती गेली असावी असं फेसबुकनंच २०१८ ला सांगितलं. म्हणजे चूक एकानं करायची आणि भोगायचं गल्लीनं. त्याच कारणानं कॉन्टॅक्ट अपलोड पण बंद ठेवा, त्यात तुमच्याबरोबर माझा पण नंबर जातोय.

फोनचं पटकन सांगतो. अँड्रॉइडला प्रायव्हसी, मग ॲड्स, तिथं 'डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी' (जाहिरातवाले फोन ओळखतात तो क्रमांक). काही फोनमध्ये हे गुगलच्या सेटिंगमध्ये असतं. आयफोनला 'ट्रॅकिंग' मध्ये ॲपना विचारायचीच परवानगी काढून घ्या. लोकेशन 'ॲप वापरतानाच' वर ठेवा, आणि जेवण मागवायचं ॲप सोडलं तर 'प्रिसाइज', म्हणजे अगदी नेमकं ठिकाण, कशाला पाहिजे कुणाला? गुगलवर 'माय ॲड सेंटर' आहे, एकच बटण, ते बंद केलं की तुम्हाला बघून जाहिराती निवडणं थांबतं, यूट्यूबला पण लागू होतं.

एवढं करून जाहिराती कमी होतील म्हणाल तर नाही, तेवढ्याच येतात, फक्त नेम चुकतो. वैनींना आता बोअरवेलच्या आणि ट्रॅक्टरच्या येतात.

राहिला काउंटर. बिल करताना नंबर द्यायची सक्ती नाही, नंबर दिला नाही म्हणून माल नाकारू नका असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं मे २०२३ मध्ये दुकानदारांना बजावलंय. वॉरंटी नाहीतर डिलिव्हरी असेल तर द्या, रव्याच्या पुड्याला कशाला? परवा राजारामपुरीत बिल करायला उभे होतो, पोरानं सवयीनं विचारलं, "मॅडम, मोबाईल नंबर?" वैनींनी पर्स उघडली. "नंबर कशाला लागतोय रे बाळ, रोख देतो की."