दोन भाषांच्या बाजारात नाव उतरवण्यापूर्वीची तयारी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील लहान व्यावसायिकाला दिवाळीत स्वतःच्या नावाने माल विकायचा असेल, तर त्याने आषाढातच तयारीला लागावे. इथला ग्राहक दोन भाषांत वाचतो आणि आपला माल दोन राज्यांत जातो. म्हणून इतरत्र एकदा करावी लागणारी बरीच कामे इथे दोनदा करावी लागतात.

पहिले काम नावाचे. मराठीत ते छान दिसते एवढ्यावर ते पक्के करू नये. दहा माणसांकडून ते मोठ्याने वाचून घ्यावे आणि त्यांपैकी निदान पाच घरी कन्नड बोलणारी असावीत. मराठीत च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार आहेत, कन्नडात तो भेद नाही. त्यामुळे नावात ‘चव’ असेल, तर कन्नड वाचक त्यातला च ‘चहा’तल्या च सारखा उच्चारील. उलट कन्नडात ए आणि ओ यांची ऱ्हस्व व दीर्घ अशी वेगळी अक्षरे आहेत, आपल्याकडे एकेकच. ‘मेवा’ किंवा ‘गोडवा’ लिहिताना दीर्घ अक्षर हवे, हे अक्षरजुळणी करणाऱ्याला लिहून द्यावे. शब्दाच्या शेवटचा अकार आपण बोलताना गाळतो, कन्नडात तो पूर्ण उच्चारला जातो. म्हणून ‘मोदक’ मधल्या क चा पाय मोडायचा की नाही, हेही आधी ठरवावे. अर्थ तपासावा तो दोन्ही बाजूंनी. कन्नडात हालु म्हणजे दूध, परंतु ‘हाल’ने सुरू होणारे दुधाच्या पदार्थाचे नाव मराठी ग्राहकाला कष्टांचीच आठवण करून देईल.

आमच्या पहिल्या खोक्यांच्या वेळी ही काळजी आम्ही अर्धवट घेतली. नाव योग्य होते, परंतु छपाईची फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली तेव्हा कन्नड जोडाक्षरे तुटली आणि अक्षराखाली बसणारे ओत्तक्षर शेजारी येऊन पडले. आमच्यापैकी कोणालाच ते दिसले नाही. खोकी घरी आल्यावर शेजारच्या आजींनी बोट ठेवून दाखवले, तोवर हजार खोकी छापून झाली होती. तेव्हापासून अक्षरांचे रेखाटनात रूपांतर केलेली फाइलच छपाईला द्यायची आणि कागदावरचा नमुना कन्नड जाणणाऱ्याने सही करून परत केल्याशिवाय पुढचे काम सुरू होऊ द्यायचे नाही, असा नियम आम्ही पाळतो. तो प्रत्येकाने पाळावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुकानाच्या पाटीचा विचार खोक्याबरोबरच करावा. कर्नाटकाच्या भाषा कायद्यात 2024 साली दुरुस्ती झाली. त्यानुसार व्यापारी नामफलकावर किमान 60 टक्के मजकूर कन्नड हवा आणि तो वरच्या भागात हवा. ज्यांचे चिन्ह फक्त मराठी अक्षरांवर उभे आहे त्यांची येथे अडचण होते. यासाठी अक्षरांशिवायही ओळखू येईल अशी एखादी खूण, एखादा ठरलेला रंग आणि दोन्ही लिप्यांत एकाच वळणाची अक्षरे सुरुवातीलाच करून घ्यावीत.

नावाच्या मालकीबाबत एक गैरसमज सर्वत्र आढळतो. ‘बेळगावचा कुंदा’ किंवा ‘गोकाकचे करदंट’ हे शब्द कोणा एकाचे होत नाहीत, कारण त्यांत फक्त गाव आणि पदार्थ आहे. ट्रेडमार्क मिळेल तो आपल्या वेगळ्या नावाला. वैयक्तिक अर्जदाराला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचे शुल्क मालाच्या प्रत्येक वर्गासाठी 4,500 रुपये आहे, इतरांना 9,000. मिठाई 30 व्या वर्गात येते, पादत्राणे 25 व्या वर्गात. आपला पत्ता कर्नाटकातला असल्याने कार्यालय चेन्नईचे लागते, मुंबईचे नाही. लघुउद्योग म्हणून सवलत घ्यायची असेल तर उद्यम नोंदणी, म्हणजे केंद्र सरकारकडची लहान उद्योगांची नोंदणी, आधी करावी; ती विनाशुल्क आहे. अथणी, निपाणीच्या चर्मकारांसाठी वेगळी गोष्ट सांगायची, तर कोल्हापुरी चपलेचे भौगोलिक मानांकन महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, बागलकोट, धारवाड आणि विजयपूर यांनाही आहे. हा मोठा ठेवा आहे, परंतु ती खूण लावण्यापूर्वी अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावे लागते. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर अन्नसुरक्षा विभागाचा (एफएसएसएआय) 14 अंकी परवाना क्रमांक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, कमाल किंमत आणि पत्ता हवाच.

यानंतर सोबती निवडावेत. ज्याचा माल आपल्यापेक्षा वेगळा पण ग्राहक तोच, असा सोबती शोधावा. शहापूर-वडगावातील साडीच्या दुकानात लग्नाचा बस्ता बांधायला आलेले कुटुंब चपलाही घेणार असते, म्हणून चर्मकाराने तिथे नमुन्याचे चार जोड ठेवावेत. खानापूरच्या कुंभाराची मडकी दह्याच्या व्यापाऱ्याकडे शोभतात. कुंद्यासाठी गोव्याच्या व पुण्याच्या बसजवळची दुकाने बघावीत. करदंट डिंकाचे, सुक्या मेव्याचे असल्याने अधिक टिकते, ते सौंदत्ती आणि मायाक्का चिंचलीच्या यात्रेच्या वाटेवरही ठेवता येते.

सोबती सीमेपलीकडचा असेल तर कराची बाजू आधी तपासावी. निपाणीहून कागलला माल देणे म्हणजे शेजारच्या गावात देणे, अशी आपली भावना असते. परंतु कायद्याने तो आंतरराज्य पुरवठा आहे. करपात्र मालासाठी अशा वेळी उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागते. हस्तकलेच्या काही वस्तूंना अटींवर सवलत आहे, ती आपल्या वस्तूला लागू पडते का, हे करसल्लागाराकडून लेखी घ्यावे. खेप 50,000 रुपयांच्या वर गेली तर ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखलाही काढावा.

इथला व्यवहार बहुतेक शब्दावर चालतो आणि त्या विश्वासाचा मला आदर आहे, तरीही एक पान लिहावेच, मराठीत आणि कन्नडात. न विकलेला कुंदा कितव्या दिवशी कोणी परत न्यायचा, फुटलेल्या मडक्याचे नुकसान कोणाचे, एकत्र भेटखोक्यावर कोणाचे नाव आधी, हे त्यात असावे. पैशांची मुदतही लिहावी. नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उत्पादकाला कायद्याने जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत आणि लेखी करार नसेल तर 15 दिवसांत. आपला हक्क मागताना संकोच करू नये.

शेवटी, गणेशोत्सवात तीनच दुकानांत थोडा माल ठेवून पाहावा. दुकानदाराला एक वही द्यावी आणि तिच्यात किती नग गेले याबरोबर ग्राहकाने तो कोणत्या नावाने मागितला, नाव कसे उच्चारले की खोक्याच्या रंगाकडे बोट दाखवले, हे रोज लिहून ठेवायची विनंती करावी. दिवाळीच्या खोक्यांची मोठी छपाई ती वही हाती आल्यावरच द्यावी.