राउटर हातात घेण्याआधी

लालबागच्या चाळीत, गॅलरीत टेबल टाकून मी राउटर, म्हणजे लाकडाला खाच पाडायचं आणि कड घडवायचं मशीन, चालवतो. दुपारी 2 ते 4 बंद. शेजारच्या आजी झोपतात. बिट (फिरणारं पातं) बदलताना आधी प्लग काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. बिट कोलेटमध्ये (बिट पकडणाऱ्या तोंडात) तळाला टेकवून 2-3 मिलिमीटर बाहेर ओढा, मग नट आवळा. फळी क्लॅम्पने घट्ट जखडा. बाहेरची कड मारताना, कड आपल्या पुढ्यात असेल तर राउटर डावीकडून उजवीकडे न्या. मी एकदा उलटा नेला: हिसका देऊन मशीन पळालं, सागाची पट्टी उभी चिरली. 10 मिलिमीटरची खाच एका दमात नको, 3-3 करत उतरा. गॉगल, मास्क, कानात बोळे हवेतच. बिट पूर्ण थांबल्याशिवाय मशीन खाली ठेवू नका.