मुख्याध्यापकांना ‘सोपं की अवघड?’ विचारताना

“बठ्ठं सोपं शे भाऊ, लिखी ले.”

अमळनेर तालुक्यातल्या एका मुख्याध्यापकांनी आरोग्याच्या माहितीवरची माझी प्रश्नावली हातात न घेताच निकाल देऊन टाकला. ऑक्टोबर २०२१ चे दिवस. ४ तारखेला शाळा पुन्हा उघडल्या होत्या, दारात थर्मल गन घेऊन शिपाई उभा, टेबलावर पालकांच्या संमतीपत्रांचा ढीग. सरांनी सोळाच्या सोळा ठिकाणी ‘सोपं’वर खुणा केल्या. मग चहा आला आणि बशीत ओतता ओतता त्यांनी हळूच विचारलं, “लस घेतल्यावर शुगरची गोळी काही दिवस बंद ठेवावी लागते का? गावात असं म्हणतात.” मी त्यांना डॉक्टरांना विचारायला सांगितलं, पण माझा अभ्यास नेमका कशावर आहे ते मला त्या चहाच्या वेळी कळलं.

एम.एड. किंवा पीएच.डी.ला ‘महामारीतील मुख्याध्यापकांची आरोग्य साक्षरता’ असा किंवा याच्या आसपासचा विषय घेतलेली मुलं-मुली अधूनमधून फोन करतात. पहिला प्रश्न ठरलेला: “टूल (म्हणजे प्रश्नावली) कोणतं वापरलं?” त्यामुळे तिथूनच सुरू करतो, जरी खरी अडचण तिथे नसली तरी.

मी युरोपीय आरोग्य साक्षरता सर्वेक्षणाची छोटी, १६ प्रश्नांची आवृत्ती घेतली. मूळ प्रश्नावली ४७ प्रश्नांची असून २०११ मध्ये ती आठ देशांत वापरली गेली. तिच्यामागची कल्पना साधी आहे. आरोग्याची माहिती मिळवणं, समजणं, पारखणं आणि वापरणं अशी चार कामं माणसाला किती सोपी वाटतात ते विचारायचं. उत्तरं चार: खूप सोपं, बऱ्यापैकी सोपं, बऱ्यापैकी अवघड, खूप अवघड. छोट्या आवृत्तीत दोन्ही ‘सोपं’ना १ गुण, दोन्ही ‘अवघड’ना ०. बेरीज ०–८ म्हणजे अपुरी साक्षरता, ९–१२ अडचणीची, १३–१६ पुरेशी. किमान १४ प्रश्नांची उत्तरं असतील तरच बेरीज धरायची. कोविडसाठी २२ प्रश्नांची वेगळी प्रश्नावलीही जर्मनीत २०२० मध्येच तयार झाली होती. तुमचा विषय फक्त कोविडपुरता असेल तर ती बघा. मूळ लेखकांना ईमेल करून परवानगी मागा, आणि आलेलं उत्तर प्रिंट काढून फायलीला लावा.

खरी कसरत भाषांतराची. मी ‘पारखणं’च्या जागी आधी ‘मूल्यमापन करणे’ लिहिलं होतं. शिक्षकाला मूल्यमापन म्हटलं की परीक्षा, श्रेणी आणि नोंदवही आठवते. पायलटमध्ये, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीत, एका बाईंनी ‘माध्यमांतील आरोग्यविषयक माहितीचे मूल्यमापन करणे’ याला ‘खूप सोपं’ केलं आणि वर सांगितलं की, शाळेतली आकारिक आणि संकलित मूल्यमापनं दोन्ही वेळेवर होतात! त्या रात्री सगळे ‘मूल्यमापन’ खोडून ‘खरं की खोटं ते ठरवणं’ असं लिहिलं. ‘आरोग्य साक्षरता’ हा शब्दही वरच्या पानावरून काढला. तीस वर्षं शिकवलेल्या माणसासमोर साक्षरता मोजायला आलोय म्हटल्यावर चेहरा पडणारच. ‘आरोग्याच्या माहितीबाबत आपला अनुभव’ एवढंच ठेवलं. उलट भाषांतर, म्हणजे मराठीवरून पुन्हा इंग्रजी, ते मूळ इंग्रजी न पाहिलेल्या माणसाकडून करून घ्या. मी ते इंग्रजीच्या एका मित्राकडून करून घेतलं आणि त्याच्या बदल्यात त्याच्या घराच्या पत्र्यांची वाहतूक केली.

काही प्रश्न भाषेत बरोबर उतरतात, पण गावात उतरत नाहीत. ‘दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला कधी घ्यावा हे ठरवणं’ हा असाच एक. धडगाव भागातल्या एका आश्रमशाळेचे सर हसले आणि म्हणाले, “पहिला सापडू द्या, मग दुसऱ्याचं बघू.” त्यांनी ‘खूप अवघड’वर खूण केली. आता ही त्यांची साक्षरता कमी, की सातपुड्यातला रस्ता लांब? बेरजेत दोन्हीचा एकच शून्य पडतो. म्हणून प्रत्येक प्रश्नासमोर एक रिकामी ओळ ठेवा आणि माणूस जे बोलतो ते तिथेच टिपा. माझ्या प्रबंधाचं सगळ्यात बरं प्रकरण त्या ओळींतून निघालं.

मुख्याध्यापक कोण, हेही आधी ठरवा. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत पट १५० च्या वर असेल तरच मुख्याध्यापकाचं पद मिळतं. पाड्यावरच्या दोनशिक्षकी शाळेत त्यातल्या ज्येष्ठाकडे ‘चार्ज’ असतो. तो वर्गही घेतो, पोषण आहाराचा तांदूळही मोजतो आणि तुमच्या प्रश्नावलीत ‘प्रशासकीय अनुभव’च्या रकान्यापाशी अडतो. मी प्रभारींना वगळायचं ठरवलं होतं. पण वगळले असते तर नंदुरबार जिल्ह्यातला कितीतरी डोंगर माझ्या नमुन्यातून नाहीसा झाला असता. शेवटी पूर्णवेळ आणि प्रभारी असे दोन गट केले. जिल्हा परिषद, खासगी अनुदानित आणि आश्रमशाळा या तिघांची पत्रं आणि साहेब वेगवेगळे. आश्रमशाळांसाठी आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाचे उंबरे झिजवावे लागतात, ते वेळापत्रकात धरा.

नमुन्याच्या आकाराबद्दल एकच: जो तो ३८४ लिहितो, कारण मागच्या प्रबंधात तेच असतं. तुमच्या यादीत मुळात ३०० च मुख्याध्यापक असतील तर मर्यादित समष्टीची (ज्यांतून नमुना निवडायचा त्या एकूण संख्येची) दुरुस्ती करा, आकडा साधारण १६९ वर येतो. पायपीट निम्म्याहून कमी.

आता माझी चूक. पाऊस होता, पेट्रोल महाग होतं, म्हणून एका तालुक्यात गुगल फॉर्मची लिंक वरिष्ठांमार्फत व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून घेतली. ती खाली जाताना तिच्या वर ‘तात्काळ भरावे’ अशी ओळ चिकटली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फॉर्मच फॉर्म! विश्वासार्हतेचा अल्फा, म्हणजे प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, इतका सुंदर आला की मी गाइडना फोन करून सांगितलं. बाई शांतपणे म्हणाल्या, “एक्सेल उघड आणि ओळी आडव्या वाच.” वाचल्या. एकामागून एक ओळीत या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच उत्तर. बरेच फॉर्म कॉम्प्युटरवाल्या सरांनी किंवा लिपिकानं भरले होते, एकानं तर वय चुकून स्वतःचंच टाकलं होतं. सगळ्या प्रश्नांना एकच टिक केली की प्रश्न एकमेकांशी जुळतात आणि अल्फा फुगतो. तो तालुका मी पूर्ण टाकून दिला आणि दिवाळीनंतर मोटारसायकलवर पुन्हा केला. दोष लिंकचा नव्हता, ती ज्या दारातून गेली त्याचा होता. मुख्याध्यापकांकडे महामारीत रोज माहिती मागितली जात होती: सर्वेक्षणाचे तक्ते, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ची ड्युटी, चेकपोस्ट, विलगीकरणाला दिलेल्या खोल्यांच्या चाव्या. त्यांनी माझा फॉर्मही त्याच गठ्ठ्यात निपटवला. परवानगीचं पत्र वरून घ्या, पण प्रश्नावली स्वतः, समोर बसून, आणि ‘नाही भरली तरी चालेल’ हे आधी सांगून द्या. यू-डायस, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, मागू नका. अकरा आकड्यांनी शाळा ओळखू येते आणि शाळेवरून माणूस.

मानसिक ताणावरचे दोन प्रश्न येतात तिथे घाई करू नका. दुसऱ्या लाटेत बहुतेक शाळांनी कुणी ना कुणी गमावलं होतं. एका सरांनी ते दोन कोरे ठेवले आणि भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बघत बसले. चौदा उत्तरं होती, बेरीज नियमात बसली. तरी मी त्या कोऱ्या जागा वेगळ्या मोजल्या.

स्वतःबद्दल विचारलं की माणूस सोपंच सांगतो, हे अमळनेरनंतर डोक्यात बसलं होतं. २००५ साली अमेरिकेत निघालेल्या एका चाचणीत आइस्क्रीमच्या डब्यावरचं लेबल दाखवून सहा प्रश्न विचारतात. आपल्याकडे आइस्क्रीमचं लेबल वाचतो कोण? मी ओआरएसचं पाकीट घेऊन जायचो, एक लिटर पाण्यात विरघळवायचं मोठं पाकीट. ‘हे एका ग्लासात टाकलं तर?’ असं विचारायचो. सोबत व्हॉट्सॲपवर फिरलेला एक मेसेज छापून न्यायचो: अमुक गोळ्या घेतल्या की कोरोना होत नाही. ‘हा शाळेच्या पालक ग्रुपवर आला तर काय कराल?’ इथे खरी उत्तरं यायची. कुणी म्हणालं डिलीट करीन. कुणी म्हणालं, सरपंचांनीच टाकलाय, डिलीट कसा करू? चोपड्याच्या एका बाईंनी सांगितलं की त्या आधी आशाताईंना फोन लावतात. सोळा प्रश्नांत आशाताई कुठेच नव्हत्या.

शेवटच्या टप्प्यात मी माझा एक प्रश्न जोडला, बेरजेबाहेर ठेवून: ‘डॉक्टरांची सूचना पालकाला समजावून सांगणं तुम्हाला किती सोपं वाटतं?’ तोरणमाळच्या रस्त्यावरच्या एका शाळेत सरांनी पेन टेकवलं, उचललं आणि विचारलं, “मराठीत की पावरीत?” पावरी ही तिथल्या पावरा आदिवासींची बोली. दुसऱ्या दिवशी शहाद्याला झेरॉक्सच्या दुकानात थांबून त्या प्रश्नाखाली दोन रकाने काढले.