पेनांगचं जॉर्जटाउन पायी बघायचंय? मग असं बघा

आपले बरेच लोक मलेशियातल्या पेनांग बेटावर जाऊन येतात, पण जॉर्जटाउन म्हणजे काय तर भिंतीवरच्या सायकलवाल्या पोरांसोबत फोटो, एवढंच घेऊन येतात. ती चित्रं 2012 ची आहेत हो! जुनं गाव बघायला अर्धा दिवस पुरतो. सकाळी साडेसातला बाहेर पडा, दहानंतर असा दमट उकाडा होतो की मुंबईचा मे महिना बरा वाटेल, आणि प्रत्येक जुन्या इमारतीपुढे एकच विचारत चला, पैसे कुणी दिले आणि विटा कुणी उचलल्या.

सुरुवात करा जुन्या प्रोटेस्टंट दफनभूमीपासून. विचित्र वाटेल, पण सकाळी तिथे सगळीकडे चाफा सांडलेला असतो आणि माणूस नसतो. फ्रान्सिस लाइट इथेच पुरलेला आहे. 1786 मध्ये यानेच केदाह या मलाय राज्याच्या सुलतानाकडून हे बेट ईस्ट इंडिया कंपनीसाठी घेतलं, सुलतानाला वाटत होतं बदल्यात सयामपासून (आजचं थायलंड) संरक्षण मिळेल, कंपनीने ते दिलंच नाही. लाइटसाहेब 1794 ला मलेरियाने गेले. नंतर किल्ल्यात, म्हणजे फोर्ट कॉर्नवॉलिसमध्ये, त्याचा पुतळा बघाल तेव्हा लक्षात ठेवा, चेहरा त्याच्या मुलाचा आहे, कारण बापाचं चित्रच कुणाकडे नव्हतं :)

तिथून चालत सेंट जॉर्ज चर्च. पांढरे खांब, हिरवळ, 1818 चं बांधकाम. इथे जरा थांबा, कारण हे बांधलं हिंदुस्थानातून आणलेल्या कैद्यांनी. आपल्या डोक्यात काळं पाणी म्हटलं की अंदमान, पण 1858 ची अंदमानची वसाहत व्हायच्या कितीतरी आधीपासून बंगाल, मद्रास आणि आपल्या मुंबई इलाख्यातले कैदी जहाजात घालून इकडे पाठवायचे, आणि रस्ते वगैरे कामं त्यांच्याकडून करून घ्यायचे. 1867 पर्यंत या भागाचा कारभार कलकत्त्याहूनच चालायचा, म्हणजे सरकारच्या हिशेबी हा हिंदुस्थानचाच एक कोपरा. बाहेर लाइटचं स्मारक आहे, कैद्यांचं काही दिसणार नाही.

आता पिट स्ट्रीट धरा, पाटीवर जालान मस्जिद कपितान केलिंग असं नाव असेल. एकाच रस्त्यावर चर्च, मग चिन्यांच्या करुणेच्या देवीचं, क्वान यिनचं देऊळ (उदबत्त्यांच्या धुराने डोळे चुरचुरतात), मग तमिळ लोकांच्या मरिअम्मन देवीचं 1833 चं देऊळ, पण त्याचं गोपुर मागच्या क्वीन स्ट्रीटवर आहे, वळसा घालून जा, आणि पुढे 1801 ला सुरू झालेली तमिळ मुसलमानांची मशीद. गाइड लोक याला एकोप्याचा रस्ता म्हणतात, छान आहे, पण 1867 मध्ये याच गावात दोन चिनी टोळ्या आणि त्यांच्या बाजूने दोन मुसलमान गट असे दहा दिवस भिडले होते. जवळच्या कॅनन स्ट्रीटचं नाव त्या वेळच्या तोफेवरून पडलं असं सांगतात. तिथूनच आत खू कोंग्सी, खू आडनाववाल्यांचं कुलगृह, 1906 चं, तिकीट काढून बघाच. कोरीवकाम इतकं आहे की मान दुखते.

चालताना दुकानांच्या पुढच्या पडवीतून चला, तिला फाइव्ह फूट वे म्हणतात. ऊन-पावसात लोकांना चालता यावं म्हणून ती सोडलेली, आता निम्म्या ठिकाणी बाइक लावलेल्या असतात. घराचं दार उघडं दिसलं तर आत डोकवा: पुढे अरुंद, मागे लांबलचक आणि मध्ये उघडा चौक, अगदी आपल्या वाड्यासारखा. 2000 साली भाडेनियंत्रण कायदा उठला आणि जुने भाडेकरू निघून गेले, 2008 ला युनेस्कोचा शिक्का बसला, म्हणून आज तिथे कॉफीची दुकानं. मीही एकात पंधरा रिंगिटची (तिथलं चलन) गार कॉफी प्यायलोय, बोलायला तोंड नाही.

भूक लागली की नासी कांदार. कांदार म्हणजे कावड! तमिळ मुसलमान फेरीवाले खांद्यावरच्या कावडीत भात आणि कालवण घेऊन विकायचे, त्यावरून नाव. भातावर सगळे रस्से मिसळून हवे असतील तर 'बांजिर' म्हणा, म्हणजे पूर. शाकाहारी मंडळींनी इथे न बसता लिटल इंडियात केळीच्या पानावर जेवावं.

शेवटी बीच स्ट्रीट ओलांडून वेल्ड की या धक्क्यावर. बीच स्ट्रीटवर समुद्र शोधू नका, 1880 च्या दशकात भराव घालून तो पुढे ढकलला. त्या भरावाच्या कडेला पाण्यात खांबांवर चिनी कुळांच्या वस्त्या आहेत, सगळ्यात मोठी च्यू जेटी. फळ्यांवरून टोकापर्यंत जाता येतं. मात्र लोक खरंच राहतात तिथे, आजी दारात भाजी निवडत बसलेली असते, तेव्हा खिडकीत मोबाइल घालू नका आणि अंधार पडायच्या आत परत फिरा.