नव्या लॅपटॉपवर ऑफिस सॉफ्टवेअर घेताना या चुका टाळा

"ऑफिस टाकून देऊ का? थोडेच पैसे होतील." साताऱ्यात पोवई नाक्यावर लॅपटॉप घ्या नाहीतर सांगलीत विश्रामबागेत, बिल होता होता हा प्रश्न येतोच. हो म्हणण्याआधी खोक्यावरचं स्टिकर आणि बिल नीट वाचा. अनेक लॅपटॉपच्या किमतीत मायक्रोसॉफ्टचं खरं ऑफिस आधीच धरलेलं असतं. ते कुणी सुरूच करत नाही, त्यावर भलतंच काहीतरी चढवलं जातं आणि पैसे मोजलेलं सॉफ्टवेअर मुदत संपून वाया जातं.

स्टिकर न वाचणं

स्टिकरवर 'ऑफिस होम अँड स्टुडंट २०२१' किंवा 'ऑफिस होम २०२४' असं लिहिलं असेल, तर वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंट त्या लॅपटॉपवर कायमचे तुमचे. दरवर्षी काही भरायचं नाही. 'मायक्रोसॉफ्ट ३६५ बेसिक, १ वर्ष' ही वेगळी गोष्ट आहे. त्यात वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत, १०० जीबी जागा आणि ब्राउझरमध्ये चालणारं वर्ड-एक्सेल मिळतं, लॅपटॉपवर बसणारं नाही. नव्या मॉडेलवर दोन्ही नावं शेजारी शेजारी छापलेली असतात, म्हणून "एका वर्षाने ऑफिस बंद पडणार" असा गैरसमज होतो. वर्षाने संपतं ते बेसिक, ऑफिस होम नाही. तिसरा प्रकार म्हणजे ३६५ ची, म्हणजे वर्गणीवर चालणाऱ्या ऑफिसची, महिनाभराची ट्रायल. ती सुरू करताना कार्डाचा नंबर मागितला जातो आणि रद्द केली नाही तर पुढचे पैसे आपोआप कापले जातात.

आधीपासून टाकून आलेलं ऑफिस विंडोज पहिल्यांदा सुरू केल्यापासून १८० दिवसांत ॲक्टिव्हेट करावं लागतं. काम दहा मिनिटांचं आहे. लॅपटॉप वाय-फायला जोडा, वर्ड उघडा, तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करा, 'ॲक्टिव्हेट' म्हणा. मग फाईल, अकाउंट या ठिकाणी जाऊन पाहा. तिथे 'प्रॉडक्ट ॲक्टिव्हेटेड' आणि वर ऑफिसचं पूर्ण नाव दिसलं पाहिजे. नावाच्या जागी 'मायक्रोसॉफ्ट ३६५' दिसत असेल तर बहुधा तुम्ही ट्रायलच्या वाटेला लागला आहात. कार्ड न देता मागे फिरा. 'प्रॉडक्ट ॲक्टिव्हेटेड' दाखवणाऱ्या पानाचा फोटो काढून बिलासोबत ठेवा.

दुकानदाराच्या ईमेलवर ऑफिस सुरू करू देणं

ही चूक लगेच कळत नाही, म्हणून जास्त वाईट. गर्दीच्या वेळी दुकानातला मुलगा स्वतःच्याच किंवा दुकानाच्या ईमेलने साइन इन करतो आणि ऑफिस त्या खात्याला कायमचं चिकटतं. दोन वर्षांनी हार्ड डिस्क बदलली किंवा विंडोज पुन्हा टाकलं, की ऑफिस तेच खातं मागतं. तोवर तो मुलगा दुसरीकडे कामाला गेलेला असतो आणि पासवर्ड कुणालाच आठवत नाही. ॲक्टिव्हेट करताना ईमेल तुमचा, मोबाईल नंबर तुमचा आणि पासवर्ड तुमच्या हातचा, एवढं सांभाळा. कॉलेजच्या मुलाचा लॅपटॉप असेल तर कॉलेजने दिलेला ईमेलही नको, कारण शिक्षण संपलं की तो बंद होऊ शकतो.

घरी आल्यावर मायक्रोसॉफ्टच्या अकाउंट पानावर स्वतःच्या ईमेलने शिरून 'सर्व्हिसेस अँड सबस्क्रिप्शन्स'मध्ये ऑफिसचं नाव दिसतं का, ते पाहा. दिसत नसेल तर त्याच दिवशी दुकान गाठा.

'लाइफटाइम की' आणि क्रॅक

इंटरनेटवर तीन-चारशे रुपयांत 'लाइफटाइम' ऑफिस विकणारे बरेच आहेत. त्यांच्याकडची की, म्हणजे सॉफ्टवेअर सुरू करायचा कोड, बहुतेक वेळा एखाद्या कंपनीच्या घाऊक परवान्यातून बाहेर पडलेली असते आणि मायक्रोसॉफ्टने ती बंद केली की ऑफिस लाल पट्टी दाखवू लागतं. 'लाइफटाइम ३६५ अकाउंट' तर याहून वाईट. तो ईमेल कुणा अनोळखी माणसाच्या ताब्यातल्या संस्थेचा असतो. त्याने खातं काढून टाकलं की ऑफिसही जातं आणि त्या वनड्राइव्हवर ठेवलेल्या फाईलही जातात. शिवाय त्याला त्या फाईल बघताही येतात. तुमची बँक स्टेटमेंटं आणि आधारची स्कॅन कॉपी तिथे असेल तर विचार करा.

क्रॅक, म्हणजे परवाना चुकवून चालवलेलं सॉफ्टवेअर, टाकणारा आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतो. नेमक्या त्याच क्षणी लॅपटॉपचं दार उघडं पडतं. ज्या लॅपटॉपवर नेट बँकिंग किंवा जीएसटीचं लॉगिन आहे, त्यावर हा धोका पत्करायची गरज नाही, कारण फुकट आणि कायदेशीर पर्याय आता पुरेसे चांगले आहेत.

जुनं ऑफिस २०१६ किंवा २०१९ 'चालतंय की' म्हणून नव्या लॅपटॉपवर टाकू नका. दोन्हींचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. २०२१ ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील. त्यानंतरही ते उघडेल, पण अपडेट येणार नाहीत.

काम न बघता सॉफ्टवेअर निवडणं

तुमच्याकडे कुठल्या फाईल येतात आणि त्या कुणाला परत पाठवायच्या आहेत, एवढ्या एका प्रश्नावर निवड ठरते.

कर सल्लागार, अकाउंटंट किंवा त्यांच्याकडे काम शिकणारी मुलं यांना खरं एक्सेल लागतंच. जीएसटीआर-३बी आणि जीएसटीआर-९ या जीएसटी विवरणपत्रांच्या एक्सेलवर चालणाऱ्या ऑफलाइन युटिलिटी मॅक्रोवर, म्हणजे फाईलमध्येच लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामवर, बेतलेल्या आहेत. लिब्रेऑफिस हे फुकट ऑफिस असे मॅक्रो अर्धेमुर्धे चालवतं, ओन्लीऑफिस या दुसऱ्या फुकट ऑफिसची मॅक्रोची भाषाच वेगळी आणि गूगल शीट्समध्ये ते चालतच नाहीत. इथे पैसे वाचवायला जाऊ नका. आणि एक लक्षात ठेवा, होम अँड स्टुडंट २०२१ चा परवाना घरगुती वापरापुरता आहे. व्यवसायासाठी होम अँड बिझनेस घ्यावं लागतं.

तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्याचा आवक-जावक तक्ता, बचत गटाचं हिशेबपत्रक, शाळेची प्रश्नपत्रिका, सोसायटीच्या सभेची नोटीस, घरभाड्याचा करार ही कामं लिब्रेऑफिसमध्ये आरामात होतात. ते पूर्ण फुकट आहे, इंटरनेटशिवाय चालतं आणि वेळेचं बंधन नाही. ओन्लीऑफिस डेस्कटॉप एडिटर्सही फुकट आहे. समोरचा वर्डच वापरत असेल आणि फाईल दिवसातून चार वेळा इकडून तिकडे जात असेल तर आम्ही ओन्लीऑफिस सुचवू, कारण ते मुळातच वर्डच्या स्वरूपात काम करतं आणि मांडणी कमी हलते. डब्ल्यूपीएस ऑफिसच्या फुकट आवृत्तीत जाहिराती येतात आणि पीडीएफची बरीच कामं पैसे भरल्याशिवाय होत नाहीत. ओपनऑफिस हे जुनं नाव ऐकून उतरवून घेऊ नका. ते वर्डची डॉकएक्स फाईल उघडतं, पण त्या स्वरूपात सेव्ह करत नाही.

गूगल डॉक्स चार जणांनी एकाच फाईलवर काम करायला उत्तम. मात्र १५ जीबीची जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून आहे आणि मोबाईलचे फोटो ती भराभर खातात. जावळी-पाटणच्या डोंगरी गावात रेंज जात असेल तर घरून निघण्याआधीच क्रोममध्ये डॉक्स ऑफलाइन एक्स्टेन्शन टाका आणि ड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये ऑफलाइन चालू करा. रेंज गेल्यावर हे करता येत नाही.

घरात तीन-चार लॅपटॉप असतील आणि सगळ्यांना खरं ऑफिस हवंच असेल, तर ३६५ फॅमिली हिशेबात बसतं. सहा जणांना वेगवेगळ्या खात्यांवर चालतं आणि प्रत्येकाला १ टीबी जागा मिळते. वर्गणी थांबली की फाईल उघडतात, छापता येतात, पण त्यात बदल करता येत नाही.

मराठी मजकुराचे घोळ

खरी डोकेदुखी इथे आहे.

जुनी फाईल उघडल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र खुणा दिसल्या, की लोक सॉफ्टवेअरला दोष देतात आणि दुसरं विकत घेतात. दोष सॉफ्टवेअरचा नाही. ती फाईल श्रीलिपीत किंवा डीव्हीबी-टीटी सुरेखसारख्या युनिकोडपूर्व (सगळ्या संगणकांवर सारखी दिसणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या) फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. मजकूर निवडा आणि वरच्या फॉन्टच्या चौकटीत नाव वाचा. तो फॉन्ट टाकला तर मजकूर दिसेल, पण दुरुस्त्या करायच्या असतील तर त्या फॉन्टसाठीच्या कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलल्यावर जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा. चुका नेमक्या तिथेच राहतात.

मजकूर वाचता येतो पण ओळी आणि पानं सरकली आहेत, असं असेल तर मंगल फॉन्ट आहे का पाहा. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट सुरुवातीला बसलेले नसतात. निर्मला यूआय तेवढा असतो. सेटिंग्जच्या शोधचौकटीत 'ऑप्शनल फीचर्स' टाका, तिथून 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' निवडून इन्स्टॉल करा. टाइप करण्यासाठी विंडोजच्या भाषांमध्ये मराठी जोडा आणि कीबोर्ड म्हणून 'मराठी फोनेटिक' घ्या. वेगळं टायपिंग सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज पडत नाही.

लिब्रेऑफिसमध्ये एक खास अडचण येते. अक्षराचा आकार १४ केला तरी मराठी लहानच राहते. कारण तिथे इंग्रजी आणि मराठी यांचे फॉन्ट व आकार वेगवेगळे धरले जातात. फॉरमॅट, कॅरेक्टर उघडा आणि 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' या विभागातला आकार बदला. तो विभाग दिसतच नसेल तर टूल्स, ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर त्याची खूण चालू करून भाषा मराठी ठेवा.

पहिल्याच दिवशी करायच्या सेटिंग्ज

लिब्रेऑफिस फाईल स्वतःच्या ओडीटी स्वरूपात सेव्ह करतं. ती ग्रामपंचायतीत किंवा झेरॉक्सच्या दुकानात उघडेलच असं नाही. टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल इथे मजकुरासाठी वर्डचं आणि तक्त्यासाठी एक्सेलचं स्वरूप एकदाच ठरवून टाका. छापायला मात्र नेहमी पीडीएफ न्या. फॉन्ट त्यातच बंदिस्त होतो, त्यामुळे दुकानातल्या संगणकावर तो नसला तरी बिघडत नाही.

आकडे १,२३४,५६७ असे दिसत असतील आणि आपल्याला १२,३४,५६७ हवे असतील, तर एक्सेलसाठी विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये 'इंग्लिश (इंडिया)' निवडा. गूगल शीट्समध्ये फाईल, सेटिंग्जमध्ये लोकेल भारत करा. लिब्रेऑफिसमध्ये सेल फॉरमॅटच्या कोडमध्ये #,##,##० टाका, शून्य मात्र इंग्रजी आकड्यातलं. हळदीच्या सौद्याचा हिशेब करताना लाख आणि दहा लाख यांत डोळा चुकला तर महागात पडतं.

जीएसटीची युटिलिटी उघडल्यावर मॅक्रो अडवल्याची लाल पट्टी आली तर एक्सेल बिघडलेलं नसतं. फाईल बंद करा, तिच्यावर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज उघडा, खाली 'अनब्लॉक' वर खूण करा आणि ओके म्हणा. हे फक्त सरकारी पोर्टलवरून स्वतः उतरवलेल्या फाईलसाठी. ईमेलने आलेल्या मॅक्रो फाईलवर कधीही नाही.

लिब्रेऑफिस इन्स्टॉलच होत नसेल आणि विंडोज स्टोअरकडे बोट दाखवत असेल, तर लॅपटॉप एस मोडमध्ये, म्हणजे फक्त स्टोअरमधलीच ॲप चालू देणाऱ्या विंडोजमध्ये, आहे. सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनच्या पानावरून तो फुकट बंद करता येतो, पुन्हा चालू मात्र करता येत नाही.

शेवटी वनड्राइव्ह. नव्या लॅपटॉपमध्ये तो डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आपोआप वर चढवू लागतो, फुकटची ५ जीबी जागा भरते आणि सूचना सुरू होतात. वैतागून पूर्ण बंद करू नका. वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये 'मॅनेज बॅकअप'ला जाऊन डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सची खूण काढा आणि फक्त हिशेबाचं फोल्डर वनड्राइव्हमध्ये ठेवा. त्या फोल्डरवर उजवं बटण दाबून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा, म्हणजे नेट नसतानाही फाईल उघडेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या घरादुकानांत शिरलं. नदीकाठच्या दुकानात लॅपटॉप असेल तर एक प्रत वनड्राइव्हवर आणि एक पेन ड्राइव्हवर, उंचावरच्या नातेवाइकाकडे, दर महिन्याला ठेवा.